हाक न ऐकण्याचा क्लास

मॅडमना मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दुरावलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की हातून उगाच साखरपेरणी होते. माझ्या दोन्ही कानांत आता मशिनं आहेत. झोपताना ती काढून डबीत ठेवली की नवरा काही बोलला तरी मला नुसत्या त्याच्या मिश्या हलताना दिसतात. या मशिनांचं निम्मं श्रेय मॅडमचं. उरलेलं निम्मं कुणाकुणात वाटायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर त्यांचा गाळा होता. खाली पत्रा ठोकणारं वर्कशॉप, समोर प्लास्टिकची झाकणं बनवणारं युनिट आणि जिन्यात कायम ग्रीसचा वास. असल्या ठिकाणी बायकांचा व्यायामाचा क्लास काढायला माणूस थोडा चक्रम असावा लागतो. मॅडम पुरेशा चक्रम होत्या. आधी त्यांचा क्लास एका सोसायटीच्या हॉलमध्ये चालायचा. तिथल्या सेक्रेटरींनी आवाज कमी करा म्हणून सांगितलं, तर मॅडमनी आवाज तेवढाच ठेवला आणि क्लास उचलून इथे आणला. ठोकाठोकीच्या शेजारात कोण कुणाला आवाज कमी कर म्हणणार, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याशा गणपती मंडळाने मोडीत काढलेले दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर त्यांनी मिळवले होते. ते भिंतीला टेकून उभे असायचे आणि त्यांच्या मधोमध मॅडम. ढगळ टी-शर्ट, काळी ट्रॅकपँट, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि पाय अनवाणी. आम्हालाही चपला-बूट बाहेर काढायला लावायच्या. मोबाईल दारातल्या पिठाच्या डब्यात टाकायचे आणि वर झाकण घट्ट लावायचं.

बाहेरच्या पाटीवर 'लेडीज फिटनेस' असं लिहिलेलं होतं. मॅडमचं मत वेगळं होतं. घाम काय, भांडी घासतानाही येतो, असं त्या म्हणायच्या. इथे यायचं ते तासभर कुणाची हाक कानावर पडू नये म्हणून.

क्लास सुरू करायची त्यांची एक पद्धत होती. तशी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही आणि देव करो कुणाला बघायला न मिळो. गाणं मध्यम आवाजात लावायचं. मग आम्ही एकेकीने पुढे जाऊन अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाला हात लावायचा, घरातला कुठला आवाज बंद करायचा ते सांगायचं आणि बटण चिमूटभर उजवीकडे फिरवायचं. "सासूबाईंचं खोकणं," एक म्हणायची आणि फिरवायची. दुसरी म्हणायची, "चहा टाक." तिसरीचा नवरा रिमोट हरवला की तिच्या नावाने शंख करायचा. माझा नवरा रोज सकाळी घरभर माझे सॉक्स कुठायत, माझे सॉक्स कुठायत असं करत फिरतो, म्हणून मी म्हणायचे, "सॉक्स." मॅडमना कुणाची नावं लक्षात राहत नसत, का त्या लक्षात ठेवत नसत कोण जाणे, पण त्या आम्हाला याच नावांनी बोलवायच्या. क्लासमध्ये मी सॉक्स होते. माझी जवळची मैत्रीण चहा होती. एकीच्या सासूबाई वारल्या, तरी ती तेरावं आटोपून आली आणि बटण फिरवलंच. म्हणाली, अजून ऐकू येतं हो. आम्ही पोट धरून हसलो. शेवटी मॅडम स्वतः यायच्या, "पेला," एवढंच म्हणायच्या आणि आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा पिळा द्यायच्या. हा पेला काय आहे, ते आम्हाला पुष्कळ दिवस कळलं नाही.

बटण डावीकडे फिरवायची पद्धतच नव्हती. त्यामुळे क्लासला बाई वाढली की आवाज वाढला. मी आले तेव्हा आम्ही मोजक्या होतो, छाती जरा धडधडायची इतकंच. नंतर मॅडमची कीर्ती पार सेक्टरांमधून पसरली, गाळा भरला, आणि खिडकीची काच गाण्याबरोबर थरथरायला लागली. पण खरं सांगते, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मला असा एक तास मिळाला होता, ज्यात माझं कुणाशी काही लागत नव्हतं. त्या तासात मी वेड्यासारखी नाचायचे.

क्लास सुटला की कानात एक बारीक शिट्टी वाजायची. लांबच्या इमारतीत कुणाचा कुकर झाला आहे आणि कुणी गॅस बंद करत नाहीये, तशी. नवीन बाई घाबरून विचारायची, तर मॅडम तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "कान वाजतायत ना? मग लागला गो क्लास तुला." झालं. ज्या दिवशी कान वाजले नाहीत, त्या दिवशी आम्हाला व्यायाम अंगी लागला नाही असं वाटायचं. जिना उतरताना आम्ही एकमेकींना विचारत असू, तुझे वाजतायत का, माझे मस्त वाजतायत. शिकल्यासवरलेल्या बायका होतो आम्ही. एक तर मेडिकलच्या दुकानात बसायची.

रविवारी मुकी सहल असायची. हेही त्यांचंच नाव. पहाटे रिक्षा करून आम्ही सगळ्या आरे कॉलनीत जायचो, तिथल्या झाडीतल्या रस्त्याने भराभर चालायचं, प्रत्येकीच्या कानात आपापले इअरफोन, आवाज पूर्ण, आणि बोलायला बंदी. बायका बोलल्या की घरचंच बोलतात, हे त्यांचं लाडकं मत. एकदा आम्ही अशा चाललो असताना मागून तबेल्यातल्या म्हशी आल्या. भय्या ओरडत होता म्हणे, बसवाला हॉर्न देत होता म्हणे, पण आम्ही आपल्या रस्ताभर पसरून गाण्याच्या तालात चाललेल्या. शेवटी एका म्हशीने आमच्यातल्या रिमोटला मागून ढुशी दिली आणि ती गटारात बसली. ड्रायव्हरने बस थांबवून आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्याही आम्ही इअरफोन काढायच्या आत संपल्या होत्या. मॅडमना हसू आवरेना. पुढे कित्येक दिवस त्या रिमोटचं उदाहरण द्यायच्या. ऐकायचं नाही म्हणजे असं, म्हणायच्या, म्हशीचंसुद्धा नाही. त्या सकाळी मीही हसले होते आणि आता आठवलं की मला त्या हसण्याची चीड येते.

मी बालवाडीत शिकवते. शिकवत होते. बालवाडीतली मुलं मोठ्याने बोलतात असा लोकांचा समज आहे. एकमेकांशी ती ओरडतात, पण बाईंना काही हवं असलं की पदराला लटकून, मान खाली घालून, कसंबसं पुटपुटतात. माझ्या वर्गात एक छोटी होती, नवीनच आलेली, अगदी बुजरी. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, काही वेळाने जागेवर गेली, मग परत आली. मी फळ्यावर फुलं काढत होते. मदतनीस बाईंनी येऊन माझा हात धरला तेव्हा मी वळले. पोर ओल्या फ्रॉकमध्ये उभी होती आणि सगळा वर्ग तिला हसत होता. मदतनीस म्हणाल्या, ती तुम्हाला शू लागली म्हणून किती वेळा सांगत होती. ती छोटी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. आठवड्याने आली ती दारातच आईला बिलगून रडायला लागली, आणि आईने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरू शकत नाही.

बोरिवलीला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बसून राहिले. मला वाटलं मशीन सुरू व्हायचंय. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागद बघत विचारलं, कुठल्या कारखान्यात आहात? मी म्हटलं, बालवाडीत. त्यांनी परत कागद बघितला. मग मी क्लासचं सांगितलं, इअरफोनचं सांगितलं, शिट्टीचंही सांगितलं. ते शांत माणूस होते. म्हणाले, कान वाजतो तेव्हा तो दुखावलेला असतो. बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणून तुम्हाला ढोल ऐकू येतो आणि पैंजण ऐकू येत नाहीत. गाण्यावर व्यायाम करा की, मी कुठे नको म्हणतो, पण शेजारी कुणी बोललं तर ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा. आणि गेलेलं परत येणार का, असं मी विचारलं, तर ते नाही म्हणाले.

मी तिथून रिक्षा केली ती तडक गाळ्यावर. क्लास सुटून गेला होता. खालचं वर्कशॉप त्या दिवशी बंद होतं, त्यामुळे एरवी कधी नसते अशी शांतता होती. मॅडम माझ्याकडे पाठ करून चटया गुंडाळत होत्या. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली. माझे कान गेले मॅडम, असं म्हटलं. काही नाही. जरा मोठ्याने म्हटलं. त्या चटया गुंडाळत राहिल्या. मी ओरडले. माझ्या ओरडण्याने समोरच्या युनिटमधला माणूस डोकावून गेला, पण मॅडम वळल्या नाहीत. त्या वळल्या शेवटची चटई उचलल्यावर, मला बघून दचकल्या आणि म्हणाल्या, "अगो, कधी आलीस?"

तेव्हा सगळं माझ्या ध्यानात आलं. क्लासभर त्या एक तळवा स्पीकरवर ठेवून उभ्या असायच्या, आम्हाला वाटायचं ही त्यांची लकब. अनवाणी पायांचंही तेच. त्यांना गाणं हातातून आणि जमिनीतून कळत होतं. आमच्याशी बोलताना त्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. आम्ही म्हणायचो, बाई किती मन लावून ऐकतात.

मी विचारलं तर त्यांनी नाकारलं नाही. उलट चटईवर बसल्या, मलाही बसवलं आणि हनुवटीला धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं. म्हणाल्या, असं बोल. पेला काय ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या सासूबाई कित्येक वर्षं खाटेवर होत्या आणि काही हवं असलं की स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटायच्या. सोबत हाक, खंय आसस गो, कुठे आहेस? पाणी हवं, पेला. कूस बदलायची, पेला. मॅडम जेवायला बसल्या, पेला. नवरा सकाळी आईजवळ थांबायचा तेवढ्या वेळात त्या क्लास घ्यायच्या. कान गेल्याचं त्यांना फार आधी कळलं होतं. त्या एकट्या जाऊन तपासून आल्या होत्या, मशीनही दोन दिवस केसांत लपवून लावून बघितलं होतं.

"मशीन लावलं आणि पहिला आवाज कुठला आला असेल?" त्या म्हणाल्या. "परत देऊन आले."

घरच्यांना त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. उत्तर दिलं नाही की घरचे म्हणायचे, बाईला तोरा चढलाय. त्यांना तेच सोयीचं होतं. मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, पण माझं काय? माझ्या वर्गातली मुलं माझ्याशी बोलतात ते मला कळत नाही. आणि त्या बाकीच्या बायका, त्या तर रोज येऊन बटण फिरवतायत. त्यांना सांगा. आवाज कमी करा. एवढंच मी मागत होते. मॅडमनी माझी हनुवटी सोडली. मग म्हणाल्या, "नको गो सांगू कुणाला. बहिऱ्या बाईकडे नाचायला कोण येईल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी वातींच्या कापसाचे दोन बोळे आणून ठेवले होते. फक्त माझ्यासाठी. मी ते तिथेच टाकले आणि बायकांना सगळं सांगायला उभी राहिले, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मॅडमचं गुपित तेवढं सांगितलं नाही. बायकांनी ऐकून घेतलं. चहा म्हणाली, तुझे कान मुळातले नाजूक असतील यार. दुसरी म्हणाली, घरी जाऊन ऐकायचंच आहे ना. मग रांग लागली, सासूबाईंचं खोकणं, चहा, रिमोट, एकेक चिमूट. मी जिना उतरले ती परत चढले नाही.

पुढचं मला मॅडमच्या शेजाऱ्यांकडून कळलं. एका दुपारी मॅडमचे यजमान औषधं आणायला गेले होते. मॅडम स्वयंपाकघरात खोबरं खवत होत्या. सासूबाई खाटेवरून घसरून भिंत आणि खाट यांच्यामध्ये अडकल्या. म्हातारी हाका मारत राहिली. पेला हाताला लागला असावा, कारण शेजारच्यांनी तोही ऐकला. त्यांनी बेल वाजवली, दार ठोकलं. यजमान परत आले तेव्हा दारात माणसं जमली होती आणि आत मॅडम वाटणाला पाणी घालत होत्या. सासूबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत.

तेराव्याला मी गेले. क्लासच्या बायकाही भिंतीशी ओळीने बसल्या होत्या. जेवणं व्हायची होती. मॅडमच्या नणंदेने सगळ्यांसमोर, अगदी त्यांच्या समोर बसून विचारलं, "वहिनी, आई एवढ्या हाका मारत होती, शेजारच्यांना ऐकू आल्या. तू घरात होतीस. तुला ऐकू आलं नाही?"

यजमान मॅडमकडे बघत होते. ते फार हळू बोलणारे, सभ्य गृहस्थ आहेत, आणि त्या क्षणी त्यांना फक्त एक 'नाही' हवं होतं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "त्यांना खरंच ऐकू येत नाही. त्यांचे कान गेलेत. आम्हा दोघींचे गेलेत."

मॅडमनी माझ्या तोंडाकडे बघितलं, म्हणजे त्यांना कळलं मी काय म्हटलं ते. मग त्यांनी भिंतीशी बसलेल्या बायकांकडे बघितलं. एकेकीकडे.

"हिचे कान गेलेत, म्हणून हिला सगळे बहिरे वाटतात," त्या म्हणाल्या. "मला सगळं ऐकू येतं. हाका ऐकू आल्या. मी गेले नाही."

नणंद उठून गेली. यजमानांच्या हातात पानांवर वाढायला घेतलेलं मीठ होतं, ते त्यांनी परत बरणीत टाकलं. पुढच्या सोमवारी क्लास सुरू झाला. चहा मला मार्केटमध्ये भेटली, तेव्हा मी विचारलं, एवढं ऐकूनही जातेस? ती म्हणाली, बाई निर्दयी आहे हे खरं, पण क्लास झकास घेते, आणि तिच्या घरचं आपल्याला काय करायचंय. बोलताना ती मला दोनदा काय, काय असं विचारत होती आणि बाजारात गोंगाट फार आहे म्हणत होती. शाळेने माझ्याकडून वर्ग काढून घेतला, आता मी मुलांची खिचडी आणि स्टोअर बघते. आवाज कमी करायला मी एकदा परत मॅडमना फोनवर निरोप पाठवला होता. त्याला उत्तर आलं नाही.

मागच्या महिन्यात यजमान भाजीवाल्याजवळ भेटले. फार वाळलेत. मी मशीन नीट केलं आणि त्यांच्या अगदी जवळ उभी राहिले. परत एकदा सांगून बघितलं, की काका, त्यांना ऐकू येत नाही हो, मी शप्पथ घेऊन सांगते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं ना, मग तुम्ही कशाला तिची बाजू घेता? त्या दिवसापासून मी तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही. शिक्षाच आहे ती, असंही म्हणाले.

मी विचारलं, त्यांना समजलंय का, तुम्ही बोलत नाही ते?

ते पिशवीत कोथिंबीर ठेवत होते. थांबले.

"कोडगी बाई आहे," ते म्हणाले. "मी गप्प बसून जेवत असतो, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून मधेमधे 'हं, बरं' म्हणत असते."